रविवारची भरती : देवगड-विजयदुर्ग किनाऱ्यावर गळाच्या जागा शोधतानाच्या नोंदी

२३ ऑक्टोबर २०२३, सोमवार, खंडेनवमी. कोल्हापूर

आज कारखान्यात यंत्रांची पूजा. लेथला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दिवसभर कामाला हात लावायचा नाही, म्हणून दुपार मोकळी मिळाली आणि दोन वर्षं नुसती डोक्यात असलेली ही वही अखेर सुरू केली.

पंचगंगेत मी लहानपणापासून गळ टाकतो. प्रयाग चिखलीच्या संगमाखालची कुठली वळणं खोल आहेत आणि कुठल्या झाडाखाली मरळ बसते, ते डोळे मिटून सांगेन. पण समुद्रावर गेलं की यातलं काहीच उपयोगाला येत नाही. गेल्या दोन हंगामांत सात फेऱ्या केल्या, त्यांतल्या पाच रिकाम्या गेल्या. ताईचं सासर देवगड तालुक्यात असल्यामुळे राहायची सोय आहे, गळ आहे, हौस आहे. नाही ती फक्त समज.

शिवाय माझ्याकडे आठवड्यातून एकच दिवस असतो. पहाटे तीनला गाडी काढायची, गगनबावड्यापर्यंत ५५ किलोमीटर, मग करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि पुढे देवगड नाहीतर विजयदुर्ग. पाण्यावर पोचायला साडेसहा होतात. रात्री घरी यायचं तर दुपारी दोनला सामान बांधावं लागतं. किनाऱ्यावरच्या माणसाला आज नाही तर उद्या. मला थेट पुढचा रविवार. म्हणून हा हंगाम मासे धरण्यापेक्षा जागा समजून घेण्यात घालवायचा असं ठरवलं आहे.

संध्याकाळी मोबाईलवर उपग्रहाची चित्रं मोठी करून बघत बसलो. पाच जागा निवडल्या. देवगड बंदराच्या तोंडाकडची खडपं (किनाऱ्याचे खडक), तारामुंबरीची खाडी, कुणकेश्वरचा कातळ, विजयदुर्गला वाघोटन खाडीचं मुख आणि आचऱ्याची खाडी. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: गोडं पाणी खाऱ्याला भिडतं ती जागा, वाळू संपून खडक सुरू होतो ती कड, आणि खाडीच्या वळणाची बाहेरची बाजू, कारण पाणी तिथेच तळ खरवडतं.

मालवण मुद्दाम वगळलं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९ चौरस किलोमीटरचं, आणि सिंधुदुर्ग किल्ला-पद्मगडाभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. माशांना तेवढी एक जागा तरी निर्धास्त असू दे.

२९ ऑक्टोबर, रविवार. कोल्हापूर

तळ मोजायचं वजन बनवलं. ही कल्पना माझी नाही. जुन्या जहाजांवर दोरीला शिसं बांधून खोली मोजत, आणि शिशाच्या बुडाला खळगी ठेवून तीत चरबी भरत. शिसं तळाला टेकलं की तळाची वाळू-माती चरबीला चिकटून वर येई.

पितळेचा छोटा साचा लेथवर काढला आणि साधारण १०० ग्रॅमचं लांबट वजन ओतलं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, घरच्या गॅस शेगडीवरही होतं, पण त्याचा धूर घरात नको, म्हणून हे काम अंगणात वाऱ्याच्या बाजूला उभं राहून केलं. थंड झाल्यावर बुडाला १२ मिलीमीटरचं भोक पाच मिलीमीटर खोल पाडलं. चरबीऐवजी कपडे धुण्याचा साबण भिजवून दाबून भरला. दोरीला दर वावेला लाल धागा बांधला. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारं अंतर, साधारण सहा फूट. कोकणात खोली अजूनही वावेतच सांगतात.

रात्री बादलीत वाळू घालून चाचणी घेतली. साबणाला वाळू छान चिकटते.

५ नोव्हेंबर, रविवार, अष्टमी. देवगड

पावणेसातला खडपावर उभा. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून येत होता, समुद्र ताटासारखा सपाट. एवढं शांत पाणी बघून आज जमणार असं वाटलं.

दुपारी बारापर्यंत एक शेंगाळा, वीतभर. सोडून दिला.

तळाच्या नोंदी मात्र भरपूर मिळाल्या. काठापासून पंधरा-वीस मीटरवर दोन वाव, साबण कोरा आणि ओरखडलेला, म्हणजे खडक. तिथून डावीकडे दहा पावलांवर तीन वाव आणि साबणाला शिंपल्यांचा चुरा. त्यापलीकडे बारीक काळी वाळू. म्हणजे खडक-वाळूची कड नेमकी कुठे आहे ते कळलं. चित्रात ती मला वीस मीटर अलीकडे वाटली होती.

ताईचे सासरे दहाच्या सुमाराला आले. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, अजूनही रोज संध्याकाळी गरी घेऊन जातात. माझी वही, साबण, लाल धागे सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "तू जागो बघतंस, पाणी खय बघतंस?"

मी म्हटलं, "पाणी तर समोरच आहे की तात्या."

त्यांनी खिशातली विडी काढली, पेटवली नाही, तिनेच पाण्याकडे दाखवलं. "चलता काय ता?"

खरंच चालत नव्हतं. पाण्यावर पडलेलं एक सुकं पान तिथल्या तिथे फिरत होतं. आज अष्टमी, म्हणजे भांग. चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, त्यामुळे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असतो. वर मी पोचलो तेव्हा भरती होऊन गेलेली, पाणी उतरणीला लागलेलं. जागा चांगली होती, पण मी तिथे चुकीच्या दिवशी चुकीच्या तासाला होतो.

नदी सदा एकाच बाजूला वाहते, म्हणून नदीत जागा कळली की काम झालं. समुद्राची तीच जागा दिवसातून चार वेळा वेगळी होते. पंचगंगेची सवय इथे आडवी आली.

१५ नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज. देवगड

ओवाळणी संध्याकाळी होती. सकाळ मागून घेतली.

तात्यांनी तिथीचा हिशोब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजता भरती, आणि त्याआधी सहा तास, साडेसातच्या आसपास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. तिथी कुठल्याही पक्षातली असो, हिशोब एकच. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते. पाऊणपट येते ती तिथूनच. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक जास्त काटेकोर असतं, पण हा हिशोब गाडी चालवताना तोंडी करता येतो.

अमावास्येला दोनच दिवस झालेले, म्हणजे उधाण, भांगाच्या उलट: भरती-ओहोटीतला फरक मोठा. साडेसातला भाच्याला घेऊन तारामुंबरीच्या खाडीत उतरलो आणि जे पाहिलं ते हातातलं सगळं ठेवून वहीत उतरवून घेतलं.

एरवी जिथे सपाट हिरवं पाणी दिसतं, तिथे तळ उघडा पडला होता. कालवांनी भरलेले खडक, त्यांच्यामध्ये कमरेएवढ्या खोल घळी. खाजणातून (खारफुटीच्या दलदलीतून) येणारं पाणी तीन बारीक ओहोळांनी वाहून एका घळीत उतरत होतं. घळीच्या तोंडाशी, जेमतेम गुडघाभर पाण्यात, बोयांची पिल्लं दाटीवाटीनं उभी, तोंडं सगळ्यांची प्रवाहाकडे. भाच्यानं बोट दाखवलं तेव्हा मला दिसलं: घळीच्या एका बाजूला खडकाची कपार होती, तिच्या सावलीत काहीतरी तांबूस हललं आणि पिल्लांची सगळी रांग एकदम अर्धा हात मागे सरली. पुन्हा काही नाही. आम्ही दहा मिनिटं श्वास धरून बसलो. ते परत दिसलं नाही, पण पिल्लं त्या बाजूला पुन्हा गेली नाहीत.

तांबोशी असणार. ही जात अशीच राहते: कपारीत, खाजणाच्या मुळांत, धक्क्याच्या खांबांमागे. बाहेर येते, घास घेते, परत घरात. गळाला लागली की पहिली धाव बिळाकडेच.

भाच्याच्या मोबाईलवर ४० फोटो काढले. प्रत्येक फोटोत भरतीलाही दिसेल अशी एक उंच खूण घेतली: माड, पुलाचा खांब, देवळाचा कळस. पाणी चढल्यावर घळ दिसणार नाही, पण खुणेवरून तिचा अंदाज येईल. या एका सकाळनं पाच फेऱ्यांचं काम केलं. नवीन माणसाला माझं एकच सांगणं आहे: पहिली फेरी गळ न घेता, उधाणाच्या सुकतीला करा.

१९ नोव्हेंबर, रविवार, सप्तमी. कोल्हापूर

गेलो नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर घेतलं आणि बसलो.

खाडीच्या मुखाशी गळ टाकायला सगळ्यांत चांगले तास म्हणजे भरतीचे शेवटचे दोन आणि सुकतीचा पहिला, असं तात्या सांगतात. चढतं पाणी लहान मासे आत आणतं, मोठे त्यांच्या मागून येतात; पाणी वळतं त्या वेळी प्रवाह मंदावतो आणि मोठे कडेला येऊन खातात. मला मिळतात साडेसहा ते दोन. म्हणजे पूर्ण भरती साधारण साडेआठ ते एकच्या दरम्यान पडली तरच हे तिन्ही तास माझ्या हातात येतात.

उलटा हिशोब केला. अकराची पाऊणपट सव्वाआठ. पंधराची सव्वाअकरा, आणि पुढच्या प्रतिपदेची पाऊण. म्हणजे एकादशीपासून पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या प्रतिपदेपर्यंतचे सहा दिवस, दोन्ही पक्षांत. महिन्यात बारा. कोल्हापूरहून जाणाऱ्याला पाचांतले दोनच रविवार कामाचे!

आता मागच्या सात फेऱ्यांच्या तारखा काढल्या. पेट्रोलचे पैसे मोबाईलवरून दिलेले असल्यामुळे तारखा सापडल्या. ज्या दोन फेऱ्यांत मासे मिळाले होते, त्या द्वादशी आणि चतुर्दशीच्या निघाल्या. बाकीच्या पाच चतुर्थी ते नवमीच्या. सात फेऱ्यांवरून सिद्ध काही होत नाही, हे कळतं. तरी रात्री झोप आली नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार, चतुर्दशी. विजयदुर्ग

पडेल कॅन्टीनला चहा घेऊन सात वाजता खाडीवर. हिशोबाने भरती साडेदहाला. किल्ल्याच्या आतल्या बाजूला, वाघोटन खाडी समुद्राला मिळते त्या अंगाला उभा राहिलो. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे, त्यामुळे बाहेर लाट असली तरी आत पाणी नरम असतं.

घाटात गगनबावड्याला थांबलो होतो तेव्हाचं मनात राहिलं आहे. त्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग कुंभीतून पंचगंगेला आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जातो. दुसरा कडा उतरून या बाजूला, दोन-तीन दिवसांत अरबी समुद्रात. माझ्या दोन्ही पाण्यांच्या मधली भिंत म्हणजे तो घाट.

आज पाणी चालत होतं. करवंटी टाकून मोजलं: नऊ वाजता वीस पावलांचं अंतर २५ सेकंदांत. दहाला त्याच अंतराला ५० सेकंद. साडेदहाला करवंटी जवळजवळ उभी. पावणेअकराला पाण्यावर फेसाची एक रेघ तयार झाली. एका बाजूला खाडीचं मातकट पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्राचं हिरवं, मध्ये चुलीच्या राखेसारखा फेस. अशी रेघ म्हणजे पाण्यातला बांध. वाहत आलेलं सगळं तिथे अडकतं.

आमिष जिवंत कोळंबी, वर्तुळाकार गळ. हा गळ माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, त्यामुळे लहान मासा धड सोडता येतो. रेघेच्या अलीकडे, साबणानं दाखवलेल्या खडकाच्या कडेला टाकला. दहा वाजून पन्नास मिनिटांनी काठीचं टोक दोनदा हललं, थांबलं, आणि मग काठी आडवीच झाली. चक्रीचा ब्रेक घट्ट ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर बिळात गेली असती. पाच-सहा मिनिटं. तांबोशी, काट्यावर दोन किलो तीनशे.

हातात घेतली तेव्हा पाठीचा तांबडा रंग कडेला येईपर्यंत पितळेसारखा झालेला, खवल्याची प्रत्येक कड वेगळी दिसत होती. तोंडात पुढे कुत्र्यासारखे दोन सुळे. याच सुळ्यांनी मागच्या वर्षी माझी दोरी तुटली असणार.

त्यानंतर साडेअकरापर्यंत दोन पालू आणि एक गोबरा. पावणेबाराला सुकतीनं जोर धरला आणि सगळं बंद.

२७ नोव्हेंबर, सोमवार, कार्तिक पौर्णिमा. कुणकेश्वर

आज सुट्टी, म्हणून मुक्काम केला. कातळावर गेलो. हे लिहून ठेवणं गरजेचं आहे.

पाणी छान होतं, भरती सव्वाअकराची. खडकाचा मी उभा होतो तो भाग कोरडा दिसत होता, म्हणून पिशवी मागे ठेवून पाठमोरा वाकून आमिष लावत होतो. तेवढ्यात एक लाट बाकीच्यांपेक्षा हातभर उंच आली. मी गुडघ्यावर पडलो, डाव्या हाताला कालवांचे तीन लांब काप. पिशवी, कोळंबी, जेवणाचा डबा सगळं गेलं. वही शर्टात होती.

कोरडा खडक म्हणजे सुरक्षित खडक नव्हे. भरती चढत असताना अर्ध्या तासापूर्वीचा कोरडेपणा काही सांगत नाही. आता नियम: पोचल्यावर २० मिनिटं सामान न उघडता लाटा बघायच्या, सगळ्यांत मोठी कुठवर येते ते पाहायचं आणि तिच्याही दोन पावलं मागे उभं राहायचं. पायात पकड असलेले बूट. एकट्यानं कातळावर नाहीच.

तात्यांनी हळद लावली. बोलले एवढंच, "समुद्राक पाठ करूची नाय." कुणकेश्वरचा कातळ यादीतून काढला. मासे असतील, पण माझ्यासाठी ती जागा नाही.

६ डिसेंबर, बुधवार. कोल्हापूर

शिशाचा प्रश्न. खडकात दर फेरीला पाच-सहा वजनं अडकून राहतात. शिसं विषारी, आणि मी ते दर रविवारी कालवांच्या बिछान्यात टाकून येतो. हे मनाला पटत नव्हतं.

शेजारच्या फाउंड्रीतून बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे आणले. बीड शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला आकारमान दीडपटीहून जास्त लागतं, त्यामुळे प्रवाहात थोडं जास्त ढकललं जातं. पण राहिलं तरी गंजून जाईल. ६०, ९० आणि १२० ग्रॅमचे गोल काढले, मध्ये भोक. वजन मुख्य दोरीला न बांधता हातभर पातळ दोरीवर लोंबतं ठेवायचं: अडकलं तर ती पातळ दोरी तुटते, गळ आणि मासा वाचतो. तळ मोजायचं एकच वजन शिशाचं ठेवलं आहे, ते कधी सोडत नाही.

१० डिसेंबर, रविवार, त्रयोदशी. आचरा

हिशोबानं भरती पावणेदहा. मुखाशी तसंच झालं असेल, पण मी दोन किलोमीटर आत होतो आणि तिथे करवंटी साडेदहापर्यंत आतच जात राहिली. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. आचऱ्याच्या आतल्या जागेला पाऊण तास जास्त धरायचा.

खाजणाच्या कडेला जिताडा लागला. मालवणकडे याला चोणक म्हणतात. तीन वेळा पाण्याबाहेर उडाला, तोंड उघडून डोकं झटकत. अंदाजे दीड किलो. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे काढले की माद्याच जातात, आणि लहान काढले की पुढच्या माद्या होतच नाहीत. सोडला. पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवला, कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाली तसा शेपटीचा फटका मारून गेला. मनगट अजून ओलं वाटतं आहे.

बाजूला पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारे दोघे होते. त्यांच्या जागेपासून लांब उभं राहायचं, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर त्या पुळणीवर गळ टाकायचाच नाही. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली हौस.

१७ डिसेंबर, रविवार, पंचमी. आचरा

मुद्दाम चुकीच्या दिवशी आलो. तीच जागा, तेच आमिष, तीच काठी. भरती पावणेचारला, म्हणजे सकाळी दहाच्या पुढेमागे सुकती. सात ते एक: तीन शेंगाळे, एक छोटा पालू. पालू मिळाला तो ओहोळाच्या तोंडाशी, सुकतीच्या शेवटच्या तासात. म्हणजे ओहोळ सुकतीला अगदीच रिकामा नाही. पण पंचमीला उधाण ओसरत आलेलं, ओढ बेताची. तृतीयेला करून बघायला हवं.

७ जानेवारी २०२४, रविवार, एकादशी. विजयदुर्ग

मध्ये २४ डिसेंबरची त्रयोदशी ताप आल्यामुळे गेली.

भरती सव्वाआठ. सातला पोचलो, एवढीच घाई. फेसाची रेघ आज साडेआठला पडली, आणि नोव्हेंबरपेक्षा मुखाच्या बरीच बाहेर. पावसाळ्याचं गोडं पाणी संपलं आहे, खाडी आत आत खारी होत गेली आहे. रेघ हंगामाबरोबर सरकते, हे नवीन कळलं. बिडाचं ९० ग्रॅम वजन पुरलं. पावणेनऊला तांबोशी, दीड किलोची. सव्वानऊला अजून एक, ती बिळात गेली. पातळ दोरी तुटली, बीड तिथे राहिलं.

भाचा बरोबर होता. दुसरी तांबोशी त्याच्या काठीवर होती. तो रडवेला झाला, मग स्वतःच वही उघडून वेळ लिहिली, करवंटी टाकली आणि सेकंद मोजायला लागला.

घरी येऊन कालनिर्णयावर तांबड्या पेनानं खुणा केल्या. कोल्हापूरकराचा पुढचा रविवार २१ जानेवारी, पौष शुद्ध एकादशी. भरती सव्वाआठ. तारामुंबरीची घळ अजून राहिली आहे.